पेन्सिलीची नोंद आणि शाईची नोंद

वाईहून धोमकडे जातांना तीन-एक किलोमीटरांवर मेणवली लागते. कृष्णेच्या कांठचें हें लहानसें गांव तेथील वाड्यामुळें आणि घाटामुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. वाडा नाना फडणिसांचा. फडणिशी म्हणजे दफ्तराचें आणि हिशेबाचें काम. त्या कामांत नानांच्या तोडीचा पुरुष मराठी राज्यांत क्वचितच झाला असेल. त्यांच्या खासगी कागदपत्रांचा संग्रह 'मेणवली दफ्तर' या नांवानें इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. कागद जपावा कसा, हें या परिसराला नव्यानें शिकवावें लागत नाहीं. परंतु कागद जपणें ही एक गोष्ट, आणि कागदावरची नोंद वेळोवेळीं बदलणें ही दुसरी. माणसें जन्मतात आणि मरतात. शेतें विकलीं जातात. कर्जें काढलीं जातात आणि फेडलीं जातात. त्याबरोबर नोंदहि बदललीच पाहिजे. कधींच न बदलणारी नोंद हळूहळू खोटी होते, आणि कोणीहि उठून बदलावी अशी नोंद पहिल्याच दिवशीं खोटी होते. या दोन संकटांच्या मधून वाट कशी काढावी, हा या भाषणाचा विषय आहे.

विषय सोपा व्हावा म्हणून एक कल्पित घर डोळ्यांपुढें आणावें. पसरणी, बावधन, ओझर्डे, भुईंज, वाई तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं असें घर सांपडेल. वडील वारले. थोरला मुलगा गांवीं राहून हळद आणि ऊस पिकवितो. धाकटा मुंबईस नोकरीला आहे. मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली आहे. आई थोरल्यापाशीं आहे. वडिलांना जाऊन पांच वर्षें झालीं, तरी सातबाऱ्यावर त्यांचेंच नांव आहे. सोसायटीचें कर्ज काढावयाचें म्हटलें, कीं खातेदाराची सही हवी. आणि खातेदार तर केव्हांच कैलासवासी झालेला! शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांनाहि ही अडचण अपरिचित नाहीं. घर मुंबईंत आणि मूळ गांवीं, अशी ज्यांची स्थिति आहे, त्यांच्या कपाटांत असा एखादा जुना उतारा हटकून सांपडतो.

या उताऱ्याचें महत्त्व काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे. सातबारा म्हणजे गांव-नमुना सात आणि गांव-नमुना बारा या दोन पत्रकांची जोडी. सातव्यांत जमीन कोणाची, तिचें क्षेत्र किती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे कीं नाहीं, दुसऱ्या कोणाचा हक्क आहे कीं काय, हें लिहिलेलें असतें. बाराव्यांत त्या जमिनींत कोणतें पीक घेतलें, हें लिहितात. हक्कनोंदणीची ही पद्धति मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें सुरू झाली आणि १९१३ सालीं ती जमीन महसुलाच्या कायद्यांत सामावून घेण्यांत आली. आज महाराष्ट्रांत १९६६ चा जमीन महसूल अधिनियम लागू आहे. त्याचें १५७ वें कलम सांगतें, कीं हक्कनोंदणींतील नोंद, तिच्याविरुद्ध पुरावा येईपर्यंत किंवा तिच्या जागीं नवी नोंद कायदेशीरपणें होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे नोंदीला तोंड नसतें, तरी कायद्याच्या दृष्टीनें आधीं तीच बोलते. तिला खोटें ठरवावयाचें असेल, तर पुराव्याचें ओझें विरोध करणाऱ्याच्या डोक्यावर. अशा नोंदीला कोणाचा हात लागूं द्यावा आणि कोणाचा लागूं देऊं नये, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता, असें नाहीं. शिवकाळांत आणि पेशवाईंत वतनाचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर ज्यांना लिहितां येत नसे त्यांचीहि निशाणी होई. कुणब्याचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, अशीं चिन्हें जुन्या कागदांवर आजहि पाहावयास मिळतात. लिहिणारा एक आणि त्या लिहिण्याला साक्ष देणारे अनेक, हें त्या व्यवस्थेचें मर्म होतें. लेखणी कुळकर्ण्याच्या हातीं असली, तरी शब्द एकट्या कुळकर्ण्याचा नव्हता.

पुढें हक्कनोंदणी आली तेव्हां हेंच तत्त्व निराळ्या रूपानें तींत शिरलें. नियम असा झाला, कीं तलाठ्यानें सातबाऱ्यावर एकदम कांहींहि बदलावयाचें नाहीं. हक्कांत बदल झाल्याची खबर आली, कीं ती प्रथम गांव-नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत लिहावयाची. तिला क्रमांक द्यावयाचा. चावडीवर नोटीस लावावयाची आणि ज्यांचा संबंध असेल त्यांना कळवावयाचें. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची. तोंपर्यंत सातबाऱ्यावर नवी नोंद करावयाची ती पेन्सिलीनें. मुदतींत हरकत आली नाहीं, आणि वरच्या अधिकाऱ्यानें चौकशी करून फेरफार प्रमाणित केला, म्हणजे मग शाईनें. हरकत आली, तर प्रकरण वादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या नोंदवहींत जाई आणि दोन्ही बाजू ऐकून त्याचा निकाल होई. जुनें नांव खरवडून काढण्याची तर सोयच नव्हती. त्याला कंस करावयाचा, शेजारीं फेरफाराचा क्रमांक लिहावयाचा, आणि नवें नांव खालीं मांडावयाचें. पन्नास वर्षांपूर्वींचा उतारा हातीं धरला, तर कोणाचें नांव केव्हां गेलें आणि कोणत्या फेरफारानें गेलें, हें कंसांवरून वाचतां येतें. ज्याला दफ्तराची भाषा कळते, त्याला तो कागद म्हणजे एका घराण्याचा इतिहासच वाटतो.

ही व्यवस्था इतकी शहाणपणाची होती, मग तिच्याविषयीं तक्रारी कां? कारण पेन्सिलहि एकाच माणसाच्या हातीं होती. कुळकर्ण्यांचीं वंशपरंपरेचीं वतनें १ मे १९५१ पासून रद्द झालीं. वंशपरंपरेच्या लेखणीची जागा पगारी तलाठ्यानें घेतली. अलीकडे त्याला ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांवहि मिळालें आहे. परंतु नांव कोणतेंहि असो, वर्दी स्वीकारणारा तोच, नोंदवहींत लिहिणारा तोच, आणि "साहेब दौऱ्यावर गेले आहेत, पुढच्या आठवड्यांत या" असा निरोप ज्याच्या दारावरून ऐकावयाचा तोहि तोच. कल्पित घरांतील धाकट्या मुलानें मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून गांवीं यावें आणि दार बंद पाहून परतावें, असें अनेकवार घडे. त्यानें अर्ज दिला होता कीं नव्हता, याचा दाखलाहि पुष्कळदां त्याच्यापाशीं नसे. पेन्सिलीची नोंद होण्यापूर्वींच प्रकरण अडून बसे. कायद्यानें हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी असें म्हटलें आहे. पण वर्दी दिली हें सिद्ध कसें करावें?

नंतर संगणक आला. हातानें लिहिलेले सातबारे संगणकांत भरण्याचें प्रचंड काम राज्यभर झालें. लाखो पानें नकलण्याचें काम म्हटलें, कीं नकलेच्या चुकाहि आल्याच. कोठें आडनांव बदललें, कोठें क्षेत्राच्या आंकड्यांत दशांशाचें चिन्ह सरकलें, कोठें एखादा भाऊ गळला. म्हणून २०१७ सालीं गांवोगांव चावडी-वाचनाची मोहीम झाली. संगणकांतील उतारे लोकांना वाचून दाखवावयाचे आणि चुका टिपून घ्यावयाच्या. लिहिलेलें दहाजणांसमोर वाचावें, हा महजराचाच रिवाज संगणकाच्या मदतीला धांवून आला! पुढें २०१८ सालापासून तलाठ्याच्या अंकीय स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. पण तो उतारा केवळ पाहावयाचा आणि घ्यावयाचा. चूक दिसली तरी तिला हात लावण्याचा मार्ग अद्याप तलाठ्याच्या दारावरूनच जात होता.

तो मार्ग बदलण्याचा प्रयत्न म्हणजे जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयाकडून सुरू झालेली 'ई-हक्क' ही सोय. तिचें स्वरूप नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. खातेदारानें, वारसानें किंवा बँकेनें संकेतस्थळावर आपलें खातें उघडावयाचें. जिल्हा, तालुका आणि गांव निवडावयाचें. नंतर कोणत्या प्रकारचा बदल हवा, तें ठराविक प्रकारांतून निवडावयाचें: वारसाची नोंद, मृत सहखातेदाराचें नांव कमी करणें, कर्जाचा बोजा चढविणें किंवा उतरविणें, सज्ञान झालेल्या मुलाच्या नांवापुढील 'अपाक', म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचा शेरा काढणें, 'एकुम', म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, ही नोंद काढणें, विश्वस्तांचीं नांवें बदलणें, आणि हस्तलिखित सातबारा व संगणकांतील सातबारा यांतील तफावत दुरुस्त करून मागणें. ठराविक प्रकारांखेरीज दुसरें कांहीं त्या रकान्यांत लिहितां येत नाहीं. जमिनीची विक्री तर मुळींच नाहीं. तिचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो आणि तेथूनच त्याची खबर फेरफाराकडे येते.

येथें एक बारीक गोष्ट आहे. अर्जदारानें मृत खातेदाराचें नांव स्वतः टंकावयाचें नसतें. सातबाऱ्यावर जीं नांवें आधींच आहेत, त्यांतून तें निवडावयाचें असतें. म्हणजे जें नांव उताऱ्यावर नाहीं, त्याचा वारस म्हणवून कोणास पुढें येतां येत नाहीं. मृत्यूचा दाखला व इतर कागद जोडावे लागतात. अर्ज पाठविला, कीं त्याला क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे धाकट्या मुलाला आजवर कधींच न मिळालेली पोंच होय. अर्ज तलाठ्याकडे जातो. तो कागद पाहून एकतर फेरफार धरतो किंवा त्रुटि दाखवून अर्ज परत करतो. फेरफार धरला, म्हणजे तीच जुनी वाट: नोटीस, पंधरा दिवस, हरकत असल्यास सुनावणी, आणि नसल्यास मंडल अधिकाऱ्याचें प्रमाणन. तें झाल्यावरच सातबारा बदलतो. आणि जुनें नांव? २०२० मध्यें सातबाऱ्याचा जो नवा नमुना ठरला, त्यांत कंसाच्या जागीं आडवी रेघ आली. नांव रेघेखालूनहि वाचतां येतें.

या सर्व खटाटोपाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें, तर असें: पेन्सिल नागरिकाच्या हातीं आली, शाई सरकारापाशीं राहिली, आणि खोडरबर कोणालाच मिळाला नाहीं.

यावर कोणी विचारील, कीं नागरिकावर एवढा अविश्वास कां? त्याची जमीन, त्याचे वडील, त्याचा सातबारा. मग त्यानें आपल्या हातानें नोंद कां करूं नये? याचें उत्तर शोधण्यास वाईच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. मराठी विश्वकोशाचें कार्यालय याच गांवांत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि २०११ पासून विश्वकोश संकेतस्थळावर आला. त्यांतील नोंद जाणकारानें लिहावयाची, संपादकांनीं तपासावयाची आणि मगच ती वाचकांपुढें यावयाची, अशी त्याची रीत आहे. उलट २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत अशी, कीं बहुतेक लेखांत कोणाहि वाचकानें शिरावें, दुरुस्ती करावी, आणि ती तत्काळ जगासमोर जावी. मात्र प्रत्येक बदलाचा इतिहास मागें जपून ठेवलेला असतो आणि चुकीचा बदल दुसरा कोणी परतवूं शकतो. दोन्ही रीती आपापल्या जागीं योग्य आहेत. ज्ञानकोशांत आज एखादें साल चुकलें आणि उद्यां सुधारलें, तर मधल्या एका दिवसांत कोणाचें घर बुडत नाहीं. सातबाऱ्यावरचें नांव मात्र एका दिवसापुरतें बदललें, तरी त्या दिवशीं जमीन गहाण पडूं शकते किंवा विकली जाऊं शकते. चूक सुधारण्यास जितका वेळ लागेल, त्याहून कमी वेळांत जेथें नुकसान होतें, तेथें शाई सर्वांच्या हातीं देतां येत नाहीं. हा नागरिकावरचा अविश्वास नव्हे. त्याच्या अर्जाला जी चौकट अडविते, तीच परक्या माणसाच्या अर्जालाहि अडविते. आणि ज्या रात्रीं तो निर्धास्त झोंपलेला असतो, त्या रात्रीं ती त्याची राखण करते.

मात्र चौकट किती अरुंद असावी, हें प्रत्येक नोंदीच्या स्वभावावर अवलंबून आहे. याचें उदाहरण सातबाऱ्याच्याच दुसऱ्या अर्ध्यांत मिळतें. गांव-नमुना बारा मधील पिकाची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. शेंकडों गटांवर प्रत्यक्ष जाणें एका माणसाला अशक्यच. मग गेल्या वर्षींचें पीक याहि वर्षीं उतरवून घेतलें जाई, आणि हळदीच्या वावरांत कागदोपत्रीं ज्वारी डोले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्यानें आपल्या मोबाइलवरून, शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून नोंद करावयाची. पुढच्याच वर्षीं या व्यवस्थेंत असें ठरलें, कीं शेतकऱ्यानें केलेली नोंद स्वयंघोषित म्हणून ग्राह्य धरावी. चूक झाल्यास ४८ तासांच्या आंत त्यानें स्वतःच ती सुधारावी. आणि तलाठ्यानें दहा टक्के नोंदी तपासून पाहाव्या. म्हणजे येथें शाईहि बव्हंशीं शेतकऱ्याच्या हातीं आली. असें कां? कारण वावरांत काय उभें आहे, हें शेतकऱ्याहून अधिक कोणालाहि ठाऊक नसतें. आणि नोंद चुकली, तरी तिचें आयुष्य एका हंगामाचें. नांवाच्या रकान्याला कडेकोट बंदोबस्त आणि पिकाच्या रकान्याला सैल चौकट, हा भेद एकाच कागदावर केलेला आहे. जाणणारा कोण, आणि चुकीची किंमत किती, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून दार किती उघडावें तें ठरवावें, हा धडा यांतून मिळतो. कोणत्याहि संस्थेला, मग ती पतपेढी असो वा ग्रंथालय, आपल्या सभासदांना आपापली माहिती दुरुस्त करूं द्यावयाची असेल, तर हाच धडा उपयोगी पडेल. पत्ता सभासदानें खुशाल बदलावा. शिल्लक रकमेचा आंकडा मात्र नव्हे.

आतां त्या कल्पित घराकडे पुन्हा वळूं. थोरल्या मुलानें रात्रीं जेवणानंतर ई-हक्कावर वारसाचा अर्ज भरला, असें समजावें. वडिलांचें नांव यादींतून निवडलें. मृत्यूचा दाखला जोडला. वारसांच्या रकान्यांत आईचें नांव घातलें, आपलें घातलें, धाकट्याचें घातलें. आणि तेथें तो थांबला. बहिणीचें नांव घातलें नाहीं. कदाचित् विसरला, कदाचित् 'तिला काय, ती दिल्या घरीं सुखी आहे' असें म्हणून त्यानें मनाची समजूत घातली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मृत्युपत्र न करितां वारलेल्या बापाच्या मिळकतींत मुलीला मुलाइतकाच वांटा दिलेला आहे; एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतहि मुलीला मुलाप्रमाणें जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानें १९९४ मध्यें आणि देशानें २००५ मध्यें केली. तिला हक्क सोडावयाचाच असेल, तर तो तिनें स्वतःच्या सहीनें, रीतसर हक्कसोडपत्र करून सोडावा. भावानें तिच्या वतीनें एक रकाना रिकामा ठेवून नव्हे.

यंत्राला हें कळतें काय? कळत नाहीं. जें नांव उताऱ्यावर आहे, तें यंत्र पडताळून पाहतें. जोडलेला दाखला आहे कीं नाहीं, तें पाहतें. परंतु जें नांव कोणी लिहिलेंच नाहीं, तें गाळलें गेलें आहे, हें त्याला कोण सांगणार? चौकट खोट्या माणसाला आंत येऊं देत नाहीं. पण खऱ्या माणसाला बाहेर ठेवलें, तर तें तिला दिसत नाहीं. या साऱ्या व्यवस्थेंतील कच्चा दुवा येथें आहे, आणि तो कितीहि हुशार यंत्र आणलें तरी केवळ यंत्रानें सांधला जाणार नाहीं.

पूर्वीं चावडीवर वारसाची वर्दी आली, कीं कट्ट्यावर बसलेला एखादा म्हातारा विचारी, "अरे, धाकटी पोरगी पुण्याला दिली आहे ना? तिचें नांव कोठें आहे?" हा प्रश्न कोणत्याहि नियमांत लिहिलेला नव्हता, तरी त्यानें कित्येक मुलींचे हक्क वांचविले असतील, आणि जेथें म्हाताराहि थोरल्याच्याच बाजूचा असे, तेथें कित्येकींचे बुडालेहि असतील. रात्रीं घरांत बसून भरलेल्या अर्जाशेजारीं असा म्हातारा नसतो. त्याची जागा भरून काढावयाची, तर ती पंधरा दिवसांच्या नोटिशीनेंच.

म्हणून त्या नोटिशीला अर्जाहून अधिक महत्त्व आहे. आज ती संगणकावरहि लागते. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या फलकावर जिल्हा, तालुका आणि गांव निवडलें, म्हणजे त्या गांवीं चालू असलेले फेरफार दिसतात: फेरफाराचा क्रमांक, प्रकार, गट क्रमांक, आणि हरकत घेण्याची अखेरची तारीख. पुण्यांतील ती बहीण स्वयंपाकघरांत उभ्या उभ्या हा फलक पाहूं शकते. जुन्या चावडीवर तिला कोणी बसूं दिलें नसतें; या चावडीवर तिला येण्यास मज्जाव नाहीं. पण फलक आहे हें तिला ठाऊक तर पाहिजे, आणि पंधरा दिवसांत तिनें तो पाहिला तर पाहिजे. मुदत संपली, फेरफार प्रमाणित झाला, शाई वाळली, म्हणजे तिला अपिलाची पायरी चढावी लागते. दार तेव्हांहि बंद होत नाहीं, परंतु तें ढकलण्याला वकील लागतो, वेळ लागतो, आणि भावाशीं उघड वैर पत्करावें लागतें. पंधरा दिवसांच्या आंत जें एका साध्या हरकतीनें झालें असतें, तेंच मग वर्षानुवर्षांचें दुखणें होतें.

उलट बाजूनें पाहिलें, तर मुळींच अर्ज न करणें हाहि अन्यायच आहे. मेलेल्यांचीं नांवें राज्यभर इतक्या उताऱ्यांवर सांचलीं, कीं सरकारला 'जिवंत सातबारा' या नांवाची मोहीम काढावी लागली. ती आधीं बुलढाणा जिल्ह्यांत होऊन १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झाली. तिचा हेतु मृत खातेदारांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्याचा. मुलगा केव्हांच आजोबा झाला, तरी उताऱ्यावर अजून 'अज्ञान' आहे, अशा विनोदी पण त्रासदायक नोंदी पुष्कळांनीं पाहिल्या असतील. थोरल्या भावाचें नांव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागावें, आणि दोन पिढ्यांनंतर त्याच्या नातवांनीं त्यालाच एकमेव मालक समजावें, हेंहि अशाच थिजलेल्या नोंदीचें फळ. ई-हक्काच्या यादींत 'अपाक' आणि 'एकुम' हे प्रकार मुद्दाम घातले आहेत, ते याचकरितां.

या व्यवस्थेकडून अधिक अपेक्षा करण्यास जागा आहे. अर्ज 'त्रुटि' एवढाच शेरा मारून परत आला, तर तो नागरिकाला चावडीच्या बंद दारासारखाच वाटतो. कोणता कागद कमी आहे आणि तो कोठें मिळेल, हें शेऱ्यांतच लिहिलें पाहिजे. वारसाच्या अर्जांत पत्नी, मुलगे, मुली, आई अशा प्रत्येक नात्याचा रकाना निराळा ठेवून तो भरण्याची किंवा 'कोणी नाहीं' असें स्पष्ट लिहिण्याची सक्ति केली, तर गाळलेलें नांव निदान विसरल्याच्या सबबीवर गाळतां येणार नाहीं. रिकामा रकाना खोटें बोलत नाहीं. तो गप्प राहतो. पण 'मुलगी नाहीं' असें ज्याला स्वतःच्या हातानें लिहावें लागेल, त्याच्या हाताला क्षणभर तरी कंप सुटेल. आणि सर्वांनीं हें विसरूं नये, कीं फेरफार म्हणजे मालकीची सनद नव्हे. न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे, कीं महसुलाची नोंद मालकी निर्माण करीत नाहीं. मालकीचा वाद शेवटीं दिवाणी न्यायालयांतच मिटतो. नोंद खरी मानली जाते, ती खोटी ठरेपर्यंत.

मेणवलीच्या दफ्तरांतील कागद आतां इतिहासाचे झाले. ते जसेच्या तसे जपले, कीं आपलें कर्तव्य संपलें. सातबारा हा जिवंत माणसांचा कागद आहे. त्याला जपावयाचें तें बदलत ठेवून, आणि बदलावयाचें तें दहा डोळ्यांसमोर. नव्या सोयीनें घरोघरीं पेन्सिल पोंचविली, ही लहान गोष्ट नव्हे. ती पोंचली आहे तर वापरावी. वडिलांच्या जागीं वारसांचीं नांवें लावून घ्यावीं, फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवावा, चुकलेलें आडनांव दुरुस्त करून मागावें. पण अर्ज पाठविण्यापूर्वीं थोरल्या मुलानें वारसांचीं नांवें एकदां मोठ्यानें वाचावीं, आणि तींहि आईच्या समोर वाचावीं. कोणतें नांव राहिलें, तें त्या माउलीला सांगावें लागणार नाहीं.